विश्वस्तहो, पाटी बसवण्याआधी सभा बोलवा

प्रति,
विश्वस्त मंडळ,
आपली बाप्टिस्ट मंडळी, दापोली तालुका

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

मंडळीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना कळायला हवं त्यांना पहिल्या चार ओळींतच कळेल, आणि बाकीच्यांना नाव कळून काही फरक पडणार नाही. हाच मजकूर मी गणपतीच्या सुट्टीत हातानं लिहून तुमच्यातल्या एकाकडे दिला होता. "बघतो ताई," म्हणालात. आता नाताळ तोंडावर आला, रौप्यमहोत्सवाची पाटी घडवायला टाकली असं ऐकते, म्हणून चारचौघांत लिहायची वेळ आली. राग मानू नका. तुमच्यातल्या दोघांना मी संडे स्कूलमध्ये शिकवलंय. 'योना तीन दिवस कुठे होता' या प्रश्नाला 'माशाच्या पोटात' म्हणायचं सोडून 'हर्णैला' असं उत्तर देणारा मुलगा आज खजिनदार आहे, तेव्हा थोडं रागवायचा हक्क मला आहे असं मी धरून चालते.

पाटीचा मजकूर मला एकानं फोनवर पाठवला. काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं. 'स्थापना' या शब्दापुढे इमारतीच्या उद्घाटनाची तारीख. खाली देणगीदारांची नावं, रकमेच्या उतरत्या क्रमानं. सोबत स्मरणिकेचा मसुदाही आला, तोही दोनदा वाचला.

आधी मसुद्याबद्दल, कारण तिथल्या चुका सोप्या आहेत. मुखपृष्ठावर कॅम्पातल्या पडक्या इंग्रजी चर्चचा फोटो आहे. ते गोऱ्या शिपायांचं होतं, त्याच्याशी आपला काडीचा संबंध नाही. तो काढा. पुढे लिहिलंय की 1823 साली बाप्टिस्ट मिशनरी बाणकोटला उतरले. साल बरोबर, माणसं चुकली. आले ते स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे. त्यांनी आधी बाणकोटला आणि मग हर्णैला ठाणं केलं, शाळा काढल्या. मुंबईच्या विल्सन कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते जॉन विल्सन 1829 साली आले तेव्हा मराठी शिकायला इथंच किनाऱ्यावर येऊन राहिले होते. पण ही सगळी प्रेस्बिटेरियन मंडळी, तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी शिंपडणारी, आपल्यासारखी मोठेपणी पाण्यात बुडून बाप्तिस्मा घेणारी नव्हे. दशकभरात त्यांचं लक्ष पुण्या-मुंबईकडे वळलं. त्यांच्याकडून आपल्याला वारसा म्हणून काही आलेलं नाही, आणि ते खरं लिहिण्यात कमीपणाही नाही.

खऱ्या बाप्टिस्टाचा आपल्याशी संबंध आहे तो वेगळाच. विल्यम कॅरे, जोडे शिवून पोट भरणारा इंग्रज. 1793 साली बंगालात आला तो परत मायदेशी गेला नाही. त्यानं वैजनाथ पंडितांच्या मदतीनं 1805 साली मराठीचं व्याकरण छापलं, 1810 साली मोडी टायपातला मराठी शब्दकोश, 1811 साली मराठी नवा करार. हा माणूस कोकणात कधी आलाच नाही. छपाई श्रीरामपूरची, आणि मसुद्यात 'नगर जिल्ह्यातील श्रीरामपूर' असं जे लिहिलंय ते ताबडतोब खोडा. ते श्रीरामपूर कलकत्त्याजवळचं, हुगळीकाठचं. नगरवाले वाचतील तर हसतील, आणि आपल्याकडे निम्मे नगरवाले आहेत.

कॅरेची अजून एक गोष्ट मसुद्यात हवी होती. बंगालात येऊन सात वर्षं झाली तरी त्याच्या हातून एकाही हिंदू माणसाचा बाप्तिस्मा झाला नव्हता. मग कृष्ण पाल नावाच्या सुताराचा खांदा निखळला, मिशनमधल्या डॉक्टरनं तो बसवला, ओळख झाली, आणि 28 डिसेंबर 1800 रोजी हुगळीत कृष्ण पाल पाण्यात उतरला. सात वर्षांत एक. ही संख्या समोर ठेवली की आपल्या 'भरभराटी'च्या पानाकडे पाहताना जरा हात आखडता घ्यावासा वाटतो. त्या पानाकडे मी मागाहून येते.

आता स्थापनेबद्दल. आपण ज्याला चर्च म्हणतो त्याला मराठी बायबलनं शब्द दिलाय 'मंडळी'. जुनी माणसं बायकोलाही 'आमची मंडळी' म्हणायची, ते सोडा, पण कुठल्याही अर्थानं घ्या, मंडळी म्हणजे माणसं. चिरे आणि पत्रे यांना कोणी मंडळी म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. बाप्टिस्टांचा तर सगळा डोलाराच या एका गोष्टीवर उभा आहे. विश्वास ठेवलेल्या, समजून-उमजून पाण्यात उतरलेल्या माणसांनी एकमेकांशी करार केला की मंडळी झाली. वर बिशप नाही, राजा नाही. 1609 साली अ‍ॅम्स्टरडॅममध्ये जॉन स्मिथ आणि त्याच्याबरोबरच्या परागंदा इंग्रजांनी ती सुरुवात केली तेव्हा त्यांच्या डोक्यावर स्वतःचं छप्परही नव्हतं.

आपला करार झाला काकूंच्या पडवीत. इमारतीच्या सात वर्षं आधी, कोकण रेल्वेचं काम चालू होतं त्या दिवसांत. काकू म्हणजे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका. पडवीला एका बाजूनं झापं, दुसऱ्या बाजूला सरपण रचलेलं. पेटी होती, तिचा एक सूर लागायचा नाही, त्यामुळे सगळी गाणी त्या सुराला वळसा घालून म्हणावी लागायची. अकरा माणसं होती. खेडच्या बाजूला बोगद्याच्या कामावर आलेलं आंध्रातल्या ओंगोलकडचं जोडपं आणि त्यांचा भाऊ. शिलाईकाम करणारे आमचे प्रचारक आणि त्यांची बायको. दवाखान्यातलं एक जोडपं. काकू. माझे बाबा, विद्यापीठात कारकून, आणि आई. अकरावी मी, कॉलेजात जाणारी, अक्षर बरं म्हणून इतिवृत्ताची वही माझ्या मांडीवर आली. दोनशे पानी, वर बदकांचं चित्र. करार पाच ओळींचा होता, प्रत्येकानं तो मोठ्यानं वाचून सही केली. तेलुगू वहिनींना मराठी वाचता येत नव्हतं. मी एकेक शब्द सांगितला, त्यांनी तो म्हटला आणि अंगठा न उठवता तेलुगूत सही केली. पावसाचा आवाज एवढा होता की पाच ओळींना पाऊण तास लागला.

हा दिवस स्थापनेचा. तारीख वहीत आहे. तुमच्यापैकी कोणीही ती विचारली नाही.

आता अवघड गोष्ट, जी मसुद्यात 'सुरुवातीच्या काळात काही मतभेद झाले' या पाच शब्दांत गुंडाळली आहे. अकरांपैकी पाच जण, म्हणजे ओंगोलवाले आणि प्रचारक नवरा-बायको, मोठेपणी पाण्यात बुडून बाप्तिस्मा घेतलेले. उरलेले आम्ही सहा जण लहानपणी शिंपडलेले. नगरकडच्या अमेरिकन मराठी मिशनच्या देवळांत तीच रीत. जाता जाता सांगते, 1812 साली अमेरिकेतून हिंदुस्थानाकडे निघालेल्या मिशनरींच्या एकाच तुकडीतले जडसन आणि राइस इथं पोचता पोचता बाप्टिस्ट झाले आणि कलकत्त्यात पुन्हा बाप्तिस्मा घेऊन वेगळे झाले. जडसन ब्रह्मदेशात गेले. त्याच तुकडीतले हॉल आणि नॉट जुन्या रीतीवर राहून 1813 साली मुंबईला लागले, आणि मराठी मुलखात शिंपडण्याची रीत रुजली. म्हणजे आमच्या पडवीतलं भांडण तसं पावणेदोनशे वर्षांचं जुनं होतं, आम्हाला फक्त त्याचा पत्ता नव्हता.

दुसऱ्या वर्षी ठराव आला की पूर्ण सभासद होण्यासाठी बुडून बाप्तिस्मा हवा. तीन रविवार वाद झाला. बाबा म्हणाले, "माझ्या आईनं मला देवाला दिलं, ते काय खोटं होतं?" त्याला कोणाकडे उत्तर नव्हतं. मग हात वर करून मत घेतलं. बुडालेले पाच बाजूनं. बाबा, आई, काकू आणि दवाखान्यातलं जोडपं विरोधात. राहिले मी. मी हात वर केला. सहा विरुद्ध पाच. आणि ते वहीत मलाच लिहावं लागलं. त्या ओळीतलं अक्षर बघाल तर माझं वाटणार नाही.

दवाखान्यातलं जोडपं महिन्याभरात दुसऱ्या मंडळीत गेलं, तिथं दोन्ही रीती चालतात. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा पंथ मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यात कॅरेच्या परंपरेतल्या कितीतरी बाप्टिस्ट मंडळ्याही होत्या, आणि त्यांनी ज्याला जसा हवा तसा बाप्तिस्मा मान्य केला. हे मला तेव्हा माहीत असतं तर? पुष्कळदा विचार केलाय. हात बहुतेक तरीही वर गेला असता, पण बाबांच्या तोंडाकडे बघून गेला असता.

काकूंनी मात्र मला त्या संध्याकाळी गप्प केलं. म्हणाल्या, "मत माझं विरोधातच आहे. पण मंडळीनं ठरवलंय ना? मग खाडी कधी भरते ते बघ." वय एकसष्ट, गुडघे धरलेले.

खाडी कधी भरते हे बघायला बाप्टिस्टांनीसुद्धा कालनिर्णय उघडावं लागतं, हे पुण्याहून येणाऱ्या पाळकसाहेबांना पटवताना आमची दमछाक झाली. किनाऱ्यावरच्या पोरालाही ठाऊक असलेला हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाण्याला ओढ, म्हातारं माणूस उभं राहणार नाही. अष्टमी-नवमीला भांगाचं पाणी, संथ. पौषातली नवमी रविवारी येत होती. नवाचे पाऊणपट पावणेसात. अशी आमच्या मंडळीची पहिली बाप्तिस्म्याची वेळ पंचांगावरून निघाली. पाळकसाहेब म्हणाले, हे बाहेर सांगू नका. तीसएक वर्षं झाली, आता सांगते.

तांबडं फुटत होतं. पांढऱ्या साड्यांत आम्ही दोघी, बाकीचे काठावर. एक म्हातारा तांडेल होडी घेऊन चालला होता, आम्हाला बघून त्यानं वल्हं थांबवलं. त्याला वाटलं अस्थी सोडायला आलेत. हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं?"

काकू गुडघाभर पाण्यातून म्हणाल्या, "जुना माणूस."

"वय किती होतं?"

"एकसष्ट."

त्यानं कपाळाला हात लावला आणि थांबून राहिला. मग काकूंना पाळकसाहेबांनी मागं झुकवून पाण्याखाली नेलं आणि वर काढलं. काकू खोकल्या, नाकातलं पाणी झटकलं, आणि त्या तांडेलाकडे वळून म्हणाल्या, "गेला."

तो बिचारा घाईघाईनं वल्हवत निघून गेला. पौलाच्या पत्रातला 'जुना मनुष्य', म्हणजे बाप्तिस्म्यात मागं टाकायचा आपला आधीचा पापी स्वभाव, त्याला कोणी समजावून सांगायला हवा होता, पण आम्ही सगळे थंडीनं आणि हसण्यानं थरथरत होतो. मसुद्यात पाच पानं इमारतीच्या फोटोंची आहेत. त्यांतलं एक काढून ही सकाळ घाला.

बाबा त्या सकाळी काठावर टॉवेल धरून उभे होते. स्वतः उतरले नाहीत, शेवटपर्यंत नाहीत. आई त्यांच्यामागून पुष्कळ वर्षांनी उतरली. ठरावानंतर बाबा सभासद राहिले नाहीत, मताचा अधिकार गेला. पण एक रविवार चुकवला नाही. मागच्या बाकावर, झाप्याजवळ. हिशोब तेच लिहायचे. जागा घेतली तेव्हा सातबारा त्यांनी वाचला, बिनशेतीसाठी हेलपाटे त्यांनी घातले, चिरे उतरवताना फुटके बाजूला काढून ट्रकवाल्याशी भांडले ते बाबाच. प्रभूभोजन त्यांना द्यायचं का, यावर एकदा चर्चा निघाली तेव्हा काकूंनी भाकरीची ताटली सरळ त्यांच्यापुढे धरली. चर्चा तिथंच संपली, इतिवृत्तात मी ती लिहिली नाही.

आणि आता तुमच्या कामाचा मुद्दा. ट्रस्ट नोंदवायची वेळ आली तेव्हा वकील म्हणाले, 1950च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याला विश्वस्त लागतात, मिळकत त्यांच्या नावावर चढते. बाबांना ते खटकलं. 'मग मंडळी कुठे राहिली?' म्हणून त्यांनी वकिलांशी दोन तास डोकं लावलं आणि योजनेत एक कलम घालून घेतलं की मिळकत, बांधकाम आणि पाळकाची नेमणूक यांबाबत विश्वस्तांनी सभासदांच्या सभेच्या ठरावानुसारच वागायचं. ज्या माणसाला आम्ही मत दिलं नाही त्यानं आमच्या मताची राखण केली. ते कलम तुमच्या फायलीत आहे. कृपया काढून वाचा. पाटी हे बांधकाम आहे की नाही यावर वकिली करू नका.

सभेत काय ठरेल ते मला माहीत नाही, आणि माझ्या मनासारखंच ठरावं असाही हट्ट नाही. पण मला काय हवंय ते सांगून ठेवते. पाटीवर तारीख पडवीतली असावी. नावं घालायची तर अकरांची घाला, रक्कम न बघता. त्यांतले काही सोडून गेले म्हणून वगळू नका, करारावर सही त्यांचीही आहे. आणि स्मरणिकेत 'काही मतभेद' खोडून 'सहा विरुद्ध पाच' असं स्वच्छ छापा. अकरांतल्या एका नावापलीकडे बाबांचं वेगळं नाव पाटीवर घाला असं मी म्हणणार नाही. त्यांना ते आवडलं नसतं आणि नियमात बसतही नाही.

भरभराटीच्या पानाचं राहिलं. 'दिवसेंदिवस संख्या वाढत गेली' असं लिहिलंय. वाढत नव्हती हो. 1998च्या जानेवारीत रेल्वे पूर्ण सुरू झाली, काम संपलं, आणि ओंगोलवाले एका रात्रीत आवरून गेले. ऐन इमारतीच्या तोंडावर आम्ही पुन्हा बोटांवर मोजण्याइतके झालो. पावसाळ्यात तर कधी कधी पेटीवाला आणि ऐकणारा एकच असायचा. वाढलो ते नंतर, तेही भरती-ओहोटीसारखं. कोणी बदलीवर आलं, कोणी बदलीवर गेलं, शिकलेली पोरं पनवेल-पुण्याला गेली. यात लाज कसली?

उलट तेलुगू वहिनी जे सांगायच्या ते छापण्यासारखं आहे. 3 जुलै 1878 रोजी त्यांच्या भागात गुंडलकम्मा नदीवर एका दिवसात 2,222 माणसांचा बाप्तिस्मा झाला, त्यात आपली पणजी होती असं त्या अभिमानानं सांगत. पणजीचं खरं-खोटं देव जाणे, पण तो दिवस आणि तो आकडा खरा आहे. आणि त्याच्या आधीची गोष्ट आकड्यापेक्षा मोठी आहे. दुष्काळ पडला होता. तिथले बाप्टिस्ट मिशनरी क्लॉ यांनी बकिंगहॅम कालव्याच्या खोदाईचा एक टप्पा कंत्राटानं घेऊन हजारो लोकांना मजुरी मिळवून दिली, आणि धान्य-पैसा वाटणं चालू होतं तोवर बाप्तिस्मे बंद ठेवले. लोक मागत होते तरी. पोटासाठी कोणी पाण्यात उतरू नये म्हणून. आज ज्या हवेत आपण राहतो, शेजारी ज्या शंकेनं बघतात, त्यात फुगवलेल्या आकड्यापेक्षा ही गोष्ट छापणं आपल्या जास्त उपयोगाचं आहे.

इमारतीवर माझा राग नाही. तिचे पैसे गोळा करताना मी घरोघर फिरलेय. पण 3 जून 2020 आठवा. निसर्ग वादळानं पत्रे उचलून शेजारच्या आमराईत नेऊन टाकले, कलमं आडवी झाली, कित्येक दिवस वीज नाही, त्यात करोनाची बंदी. इमारतीला तेव्हा छप्पर नव्हतं. त्या रविवारी तुम्ही फोन लावून, रेंज मिळेल तिथं, कोणी कोणी तर टेकडीवर चढून, एकमेकांना वचनं वाचून दाखवलीत. तुम्हीच. मला खजिनदारांचा फोन आला होता, वारा एवढा की निम्मं ऐकूच आलं नाही. त्या दिवशी मंडळी होती की नव्हती, ते सभेत सांगा.

वहीला कसर लागली आहे, बदकांची चोच उरलेली नाही, पण शाई टिकून आहे. झेरॉक्स पाठवणार नाही. सभा बोलावलीत तर वही घेऊन स्वतः येईन, ज्यांना हवं त्यांनी हात धुऊन वाचावी. मी हल्ली चिपळूणला असते, तेव्हा रविवार असेल तर उपासनेनंतर लगेच ठेवा. पावणेतीनच्या एसटीनं मला परतायचं असतं.

आपली,
मंडळीची पहिली चिटणीस